न पडलेली माणसं कशी मोजायची? गोल्डन गेटची जाळी, तपासणी आणि आपल्या परांच्या

तो फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. न्यूयॉर्कच्या आकाशात एका लोखंडी गर्डरवर अकरा कामगार ओळीने बसून दुपारचा डबा खातायत, पाय खाली सोडलेले, आणि पायाखाली अख्खं शहर. कॅफेच्या भिंतींवर, हॉस्टेलच्या खोल्यांत, 'टीमवर्क'वरच्या पोस्टमध्ये तो सगळीकडे असतो. २० सप्टेंबर १९३२ ला, रॉकफेलर सेंटरमधल्या आरसीए इमारतीचं बांधकाम चालू असताना, ६९व्या मजल्यावर तो काढला गेला. फोटो प्रसिद्धीसाठी जुळवून आणलेला होता. पण माणसं खरोखरचे कामगार होते, आणि उंचीही खरी होती.

माझ्या गाईड मॅडमनी पहिल्या भेटीत हाच फोटो लॅपटॉपवर उघडून मला विचारलं होतं, "यात काय नाहीये?" मी लगेच म्हटलं, सेफ्टी बेल्ट. त्या म्हणाल्या, "ते कुणीही सांगेल. जो आधीच्या आठवड्यात पडला असेल तो यात नाहीये. आणि जो पडता पडता वाचला, तो यात असला तरी तुला ओळखता येणार नाही. तुझा विषय तो आहे."

तेव्हा मला हे फारसं कळलं नव्हतं. मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची. बांधकामावरची सुरक्षा आणि सरकारी तपासणी यांचा इतिहास हा विषय घेतला तो 'डेटा मिळेल' एवढ्याच हिशोबाने. (डेटा मिळेल, असं वाटून विषय घेणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार. भेटू पाचव्या वर्षी.)

तर आज त्या एकाच प्रश्नाबद्दल लिहितेय. जाळी, रेलिंग, बेल्ट, इन्स्पेक्टर या सगळ्यांचं काम म्हणजे माणूस पडू न देणं. मग जी घटना घडलीच नाही, ती मोजायची कशी? तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात तुमच्यासमोर येणारच. लस, हेल्मेट, रस्त्यावरचा गतिरोधक, सगळीकडे हाच पेच आहे.

माझी पहिली चूक

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी एक सुंदर आलेख काढला होता. आडव्या अक्षावर तपासण्यांची संख्या, उभ्या अक्षावर अपघातांची. रेघ वर जाणारी. जिथे तपासण्या जास्त, तिथे अपघात जास्त! मी खाली निष्कर्ष ठोकून दिला की तपासणीने अपघात कमी होत असल्याचा पुरावा दिसत नाही.

मॅडमनी समासात लाल पेनाने लिहिलं, "अग्निशमन दलाची गाडी जिथे जास्त वेळा जाते तिथे आगीही जास्त लागतात. मग गाड्या बंद करूया का?"

इन्स्पेक्टर तिथेच जातो जिथे माणूस पडलेला असतो, किंवा जिथून तक्रार आलेली असते. म्हणजे तपासणीमुळे अपघात होत नाहीत, अपघातामुळे तपासणी होते. बाण उलटा आहे. हे वाचून तुम्हाला 'त्यात काय एवढं' वाटेल. पण तपासण्या म्हणजे नुसता त्रास, त्यांनी काही साध्य होत नाही, हा युक्तिवाद जगभर अशाच आलेखांवर उभा राहिलेला मी पाहिलाय. मी तर तो अगदी भाबडेपणाने काढला होता.

जाळीत पडलेली १९ माणसं

न पडलेली माणसं मोजता येणं जवळजवळ अशक्य असतं. पण एक प्रसंग असा आहे, जिथे ती चक्क मोजली गेली. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल. काम सुरू झालं जानेवारी १९३३ मध्ये, पूल खुला झाला २७ मे १९३७ ला. खर्च साधारण ३.५ कोटी डॉलर.

त्या काळी अमेरिकेतल्या पूल बांधणाऱ्यांत एक अंदाज सर्रास चालायचा, दर दहा लाख डॉलरमागे एक माणूस. हा काही शाप नव्हता, जवळजवळ बजेटमधली ओळच होती. सिमेंट इतकं, पोलाद इतकं, माणसं इतकी. त्या हिशोबाने गोल्डन गेटवर ३५ मृत्यू 'अपेक्षित' होते. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हा हिशोब मानला नाही. कामगारांना डोक्यावर कडक हॅट सक्तीची केली, दोर बांधूनच काम करायचं असा नियम केला, आणि उंचीवर मर्दुमकी दाखवत कसरती करणाऱ्याला कामावरून काढायचं ठरवलं. १९३६ मध्ये रस्त्याचा पोलादी सांगाडा जोडायला घेतला, तेव्हा खाली दोरखंडाची भलीमोठी जाळी बांधली. ती पुलाच्या दोन्ही कडांच्या १० फूट बाहेरपर्यंत पसरलेली होती. खर्च सुमारे १,३०,००० डॉलर. जाळीचा इतका मोठा वापर पुलाच्या कामावर याआधी झाला नव्हता.

त्या जाळीत १९ माणसं पडली आणि वाचली. त्यांनी स्वतःचा क्लबच काढला आणि त्याला नाव दिलं 'हाफ वे टू हेल', म्हणजे नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेले. सुरक्षेच्या इतिहासात ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. एरवी रेलिंगमुळे जो पडला नाही, त्याला स्वतःलाही ते कळत नाही. संध्याकाळी तो घरी जातो, बस. इथे मात्र वाचलेल्यांना नावं होती, संख्या होती.

आता पुढचा भाग, जो पोस्टरवर येत नाही. १७ फेब्रुवारी १९३७ ला रस्त्याच्या खालच्या बाजूला लटकणारा एक जड फिरता मंच, आपल्या भाषेत झुलती परांची म्हणा, सुटला आणि जाळीवर कोसळला. जाळी माणसासाठी होती, काही टनांच्या मंचासाठी नव्हती. ती फाटत गेली. बारा माणसं मंचासकट, जाळीसकट दोनशे फुटांहून जास्त खाली समुद्रात गेली. दोन वाचली, दहा मेली. त्याआधी ऑक्टोबर १९३६ मध्ये डेरिक कोसळून एक मृत्यू झाला होता. एकूण ११.

इथे थांबा, आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यासारखं वाचा. '३५ अपेक्षित होते, ११ झाले, १९ वाचले' असं वाक्य दिसलं की टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण त्याच वर्षांत, त्याच खाडीवर, शेजारीच सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिज बांधला जात होता. तो १९३६ च्या नोव्हेंबरात खुला झाला. खर्च सुमारे ७.७ कोटी डॉलर, आणि मृत्यू दोन डझनांच्या आसपास. भागाकार करा. तिथे दर दहा लाख डॉलरमागे ०.३ च्या जरा वर, आणि गोल्डन गेटवरही ०.३ च्या जरा वर. जवळजवळ सारखेच!

मी हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा अर्धा तास वहीकडे बघत बसले होते. मग जाळीचा उपयोग काय झाला?

उत्तर असं की डॉलर हा छेदच चुकीचा आहे. बे ब्रिजच्या पैशांत एका बेटातून खोदलेला बोगदा आहे, मैलोन्‌मैल लांबीचं काम आहे. पैसा पडत नाही, माणूस पडतो. छेदात हवे होते ते उंचीवर काम केलेले माणसांचे तास. ते दोन्ही पुलांसाठी एकसारख्या पद्धतीने मिळाले, तरच तुलना करता येईल. म्हणजे 'दहा लाखाला एक' हा नियम जितका पोकळ होता, तितकाच त्या नियमावर उभा राहिलेला '२४ जीव वाचले' हा दावाही पोकळ आहे. आपल्याला खात्रीने म्हणता येतं ते इतकंच, की १९ माणसं खाली आली आणि पाण्यापर्यंत पोचली नाहीत.

आणि अजून एक गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. जानेवारी १९३३ ते ऑक्टोबर १९३६ या जवळजवळ पावणेचार वर्षांत या पुलावर एकही मृत्यू नव्हता. मनोरे उभे राहिले, केबल ओढल्या गेल्या. यातल्या बहुतेक काळात जाळी नव्हतीच! होते ते दोर, हॅट आणि रोज कुणीतरी ते बघणारं. ज्याने दोर बांधला नाही त्याला हटकणारं. त्या हटकण्याने किती वाचले? त्यांचा क्लब नाही. ते मोजलेच गेले नाहीत. जाळी दिसते म्हणून जाळीला श्रेय मिळालं, रोजच्या तपासणीला मिळालं नाही.

हुक कुठे लावलाय?

थोडं फिजिक्स करूया, कारण त्याशिवाय तपासणी म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळत नाही.

८० किलोचा माणूस १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, पडला. दोर ताठ होईल त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे २१ किलोमीटर असतो. सायकलचा वेग, फार वाटत नाही. पण तो थांबतो किती अंतरात, यावर सगळं आहे. दोर न ताणणारा असेल आणि माणूस पाच सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल होतं जवळपास २९ किलोन्यूटन. म्हणजे तीन टनांचा झटका. तोच माणूस एक मीटरमध्ये हळूहळू थांबला तर २.२ किलोन्यूटन, सव्वादोनशे किलोच्या आसपास. फरक तेरा पट. झटका शोषणारी दोरी, जाळी, फाटत उलगडत जाणारी शिवण, या सगळ्या वस्तू थांबायला अंतर विकत घेतात, बाकी काही नाही.

आणि झटका शरीराच्या कुठल्या भागावर बसतो? कमरेच्या पट्ट्यात तो पोटावर आणि कण्यावर येतो. हवेत लटकून राहणंही भयंकर असतं. अमेरिकेत १९८७ मध्ये स्वयंसेवकांना लटकवून चाचण्या केल्या, त्यात कमरेच्या पट्ट्यात माणसं सरासरी दीड मिनिटाच्या आसपास टिकली. पूर्ण शरीराच्या हार्नेसमध्ये सुमारे १४ मिनिटं. अमेरिकेच्या ओशा या संस्थेने, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने, १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्याला अडवण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरायला बंदीच घातली. आपल्या साइटवर आजही सगळे हार्नेसला 'बेल्ट'च म्हणतात. शब्द मागे राहिला, वस्तू पुढे गेली. काही ठिकाणी वस्तूही मागेच आहे.

गेल्या वर्षी एका उपनगरात, नाव सांगत नाही, मी एका चौदा मजली साइटवर गेले होते. सगळ्यांच्या अंगात नवाकोरा हार्नेस. मी मनात टिक केली. सोबतचे निवृत्त सेफ्टी ऑफिसर काका म्हणाले, "बाळ, अंगात काय आहे ते बघू नकोस. हुक कुठे आहे ते बघ." मग बघितलं. एका गवंड्याचा हुक परांचीच्या त्याच आडव्या पाइपला, ज्यावर तो उभा होता. परांची गेली की दोघंही जाणार. दुसऱ्याचा हुक त्याच्या स्वतःच्याच पट्ट्याला अडकवलेला. तिसऱ्याचा प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपला! ओशाच्या नियमात एका माणसासाठीचा अँकर ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो भार सोसणारा लागतो. पीव्हीसी पाइपची गंमत तुम्हीच करा.

मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, ह्यांना सवय असते हो उंचीची." हे वाक्य जुनं आहे. अमेरिकेत आणि कॅनडात पोलादी सांगाड्यावर काम करणाऱ्या मोहॉक लोकांबद्दल तेच म्हटलं जायचं, की त्यांना उंचीची भीतीच वाटत नाही. २९ ऑगस्ट १९०७ ला क्वेबेकचा पूल बांधता बांधता कोसळला. ७५ मेले, त्यातले ३३ एकट्या कानावाके वस्तीतले मोहॉक. तिथे सवय काय करणार होती? पूल रचनेतच कमकुवत होता. 'सवय असते' म्हटलं की मोजायची गरज उरत नाही, म्हणून ते वाक्य टिकून आहे, असं माझं मत झालंय.

सोडत काढली, मग कळलं

आता तपासणीकडे वळू. सरकारी कारखाना निरीक्षक ही कल्पना ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने पक्की झाली, आणि सगळ्या देशासाठी निरीक्षक होते चार. तिथून पुढे दीड शतक निरीक्षकांनी अहवाल लिहिले, दंड केले, पण 'तुमच्यामुळे किती वाचले?' या प्रश्नाला कुणाकडे धड उत्तर नव्हतं. कारण माझ्या आलेखातलाच तिढा. निरीक्षक वाईट ठिकाणी जातो, मग वाईट ठिकाण वाईटच दिसतं.

तिढा सुटला तो कॅलिफोर्नियात. तिथल्या राज्य यंत्रणेने जास्त धोक्याच्या उद्योगांत काही तपासण्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या होत्या. डेव्हिड लेव्हाइन, मायकेल टॉफेल आणि मॅथ्यू जॉन्सन या तिघांना त्यात सोन्याची खाण दिसली. ज्या ४०९ आस्थापनांची चिठ्ठी निघाली त्या, आणि तशाच पण चिठ्ठी न निघालेल्या ४०९, अशी जोडी लावून त्यांनी तुलना केली. काळ १९९६ ते २००६. निकाल २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. तपासणी झालेल्या ठिकाणी इजांचं प्रमाण ९.४ टक्क्यांनी कमी झालं, इजांवरचा खर्च २६ टक्क्यांनी. आणि नोकऱ्या गेल्याचं किंवा धंदा बसल्याचं काही दिसलं नाही.

न पडलेल्या माणसांचा हा दुसरा क्लब म्हणायला हरकत नाही. फक्त यात कुणाचं नाव नाही, कारण ९.४ टक्क्यांतला 'तो' कोण हे कुणालाच सांगता येत नाही. गोल्डन गेटला जाळीने जे केलं, ते इथे सोडतीने केलं.

मॅथ्यू जॉन्सननेच पुढे २०२० मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आणखी एक पेपर छापला, तोही वाचाच. ओशाने २००९ पासून ठरावीक रकमेच्या, साधारण ४०,००० डॉलरच्या, वरचा दंड झाला की त्या कंपनीच्या नावाने प्रेस नोट काढायला सुरुवात केली. मग ३९,००० वाला आणि ४१,००० वाला यांच्यात फरक काय? दोघांचे गुन्हे जवळपास सारखे, पण एकाचं नाव स्थानिक पेपरात. जॉन्सनने त्या रेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तुलना केली. निघालं असं, की एका प्रेस नोटमुळे शेजारपाजारच्या कंपन्यांत नियम पाळण्यात जी सुधारणा झाली, तेवढी साधायला २१० तपासण्या कराव्या लागल्या असत्या. दंडाची रक्कम सगळ्यांना परवडते, शेजाऱ्याने वाचलेलं नाव परवडत नाही. गावाकडचा कुणीही हे सांगू शकला असता म्हणा, पण २१० हा आकडा नसता सांगता आला.

पण सावध राहा. चिठ्ठ्यांच्या अभ्यासात एकाच आस्थापनेचं आधीचं आणि नंतरचं अनेक वर्षांचं रेकॉर्ड लागतं. गिरणी पाच वर्षांनी त्याच पत्त्यावर असते. बांधकामाची साइट? आज आहे, दोन वर्षांनी तिथे लोक राहायला आलेले असतात, गणपती बसलेला असतो. ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात, मजूर दुसऱ्या राज्यात. तपासणीची पद्धत, कायदे, संशोधनाच्या युक्त्या, सगळं चार भिंती आणि एक गेट असलेल्या कारखान्यासाठी घडलंय. आणि अमेरिकेतही बांधकामावरच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त मृत्यू उंचीवरून पडूनच होतात. उल्लंघनांच्या यादीत पडण्यापासून संरक्षणाचा नियम दहा वर्षांहून जास्त काळ पहिल्या नंबरावर आहे. कॉलेजच्या टॉपरसारखा, हलतच नाही.

आपल्याकडे गेट कधी आलं

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा, आणि त्याच्यामागे मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्या होत्या. कायद्याने कारखाना म्हणजे काय ते ठरवलं, यांत्रिक शक्ती, शंभर किंवा अधिक कामगार. गिरणीच्या आत मूल किती तास काम करतं हे कायद्याचं झालं. पण ती गिरणी आणि तिची चिमणी ज्याने बांबूच्या परांचीवर चढून बांधली, तो त्या व्याख्येत बसला नाही. १९४८ चा कारखाना कायदा आला, तरी गाभा 'उत्पादन प्रक्रिया चालणारी जागा' हाच राहिला. इमारत तयार झाल्यावर आत जे होतं ते उत्पादन. इमारत तयार होणं हे उत्पादन नाही!

मधे एक गंमत आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात बांधकाम मजूर होते. म्हणजे पडून मेला तर वारसांना भरपाई मागायचा हक्क आला १९२३ मध्ये. पण तो पडू नये म्हणून खास बांधकामाच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा आला १९९६ मध्ये. मधली ७३ वर्षं आपण पडण्याची किंमत देत होतो, पडणं तपासत नव्हतो.

१९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा मजूर संघटनांनी अनेक वर्षं लावून धरल्यावर आला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू. त्यात निरीक्षक आहेत, पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती आणि सेफ्टी ऑफिसर आहे. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले, म्हणजे अकरा वर्षांनी. याच कायद्यासोबत बांधकाम खर्चावरचा उपकर आला आणि त्यातून कल्याणकारी मंडळं. पुढची सगळी चर्चा त्या उपकराच्या पैशांभोवती फिरत राहिली. सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१८ चा निकालही मुख्यतः त्या न खर्चलेल्या पैशांबद्दल आहे. पैसा मोजता येतो ना. अर्धा कायदा सुरक्षेचा होता, त्याच्याबद्दल इतकं कमी लिहिलं गेलंय, की लायब्ररीत शोधताना मलाच शंका यायची, आपण चुकीचा कायदा तर वाचत नाही ना.

आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत विलीन झालाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे. निरीक्षकाचं नाव झालंय इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर, आणि कुठे जायचं ते संगणक ठरवणार. केंद्राच्या श्रम सुविधा पोर्टलवर अशी संगणकीय निवड २०१४ पासूनच आहे. यावर दोन तट आहेत. एक म्हणतो इन्स्पेक्टर राज संपलं, दुसरा म्हणतो तपासणीच संपली. मला दुसऱ्या बाजूची भीती रास्त वाटते, कारण पीव्हीसी पाइपला अडकवलेला हुक स्वयंघोषणापत्रात दिसत नाही, तिथे जाऊनच दिसतो. पण संशोधक म्हणून माझे डोळे 'संगणक ठरवणार' या शब्दांवर अडकतात. निवडीत खरंच सोडतीचा भाग असेल, आणि कुणाची चिठ्ठी निघाली नि कुणाची नाही याची यादी मिळाली, तर कॅलिफोर्नियासारखा अभ्यास इथे करता येईल. धोक्याच्या निकषांवर निवड झाली असेल तर नाही करता येणार, पुन्हा माझा तो उलटा बाण. हा विषय रिकामा आहे. कुणी घेत असाल तर आनंद आहे, मला फक्त कळवा.

आकडे कुठे पडलेत

एनसीआरबीच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात 'उंचीवरून पडून' असा रकाना आहे. त्यात परांचीवरून पडलेला गवंडी आहे, आणि गच्चीवरून पतंग उडवताना पडलेला मुलगाही. 'कारखाना/यंत्र अपघात' असा वेगळा रकाना आहे, त्यात गवंडी नाही, कारण परत तेच, साइट म्हणजे कारखाना नाही. १८८१ ची व्याख्या अजून रकाने आखतेय.

त्यामुळे मी आता खाली उतरलेय. पोलीस ठाण्यातली अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, आणि भरपाईच्या दाव्यांचे निकाल. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. पंचनाम्यात मोजमापं असतात, कुठल्या मजल्यावरून, कशावर पडला, अंगावर काय होतं. कधी कधी 'कमरेस पट्टा होता' इतकंही सापडतं. हुक कुठे होता हे मला आजवर एकाही पंचनाम्यात सापडलेलं नाही. कारणाच्या जागी मात्र एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा येतं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पाय घसरून'.

मी त्या वाक्यासाठी एक्सेलमध्ये वेगळा रकाना केलाय, आणि त्याच्या शेजारी दुसरा, 'हुक: नोंद नाही'. दुसऱ्या रकान्यात पहिली वेगळी नोंद कधी येते त्याची वाट बघतेय. पुढच्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्याची दप्तरं उघडायची परवानगी मिळेल असं सांगितलंय. मागच्या महिन्यातही हेच सांगितलं होतं.